नर्सरी बरी आहे, पण जास्वंद घेताना पान उलटं करून पाहा

पाचपैकी तीन स्टार. दोन काहून कापले ते सांगते.

पोळ्याच्या आधी बायपासवरच्या नर्सरीतून जास्वंदाची तीन झाडं आणली, एक गावठी लाल, गणपतीले रोज लागते म्हणून, अन् दोन मोठ्या फुलाच्या कलमी, पिवळी अन् केशरी. लाल साठ रुपयाचं, कलमी दीडशेचं एक. भाव वाजवी, झाडं शेडनेटखाली मस्त हिरवीगार. पण तिथून काढून मी सरळ अंगणातल्या उन्हात ठेवली अन् केशरीनं चार दिवसात सगळ्या कळ्या टाकून देल्या. आठ दिवस अर्ध्या सावलीत ठेवायची असतात, हे कोणी सांगितलं नाई.

मग शेंड्याले पांढरं कापसासारखं दिसलं, खाली पानं चिकट अन् खोडावर मुंग्यांची लाईन. आमच्या घरी कपाशी, म्हणून ओळखाले वेळ लागला नाई, पिठ्या ढेकूण! कपाशी, भेंडी, जास्वंद एकाच खानदानातले, म्हणून मावा, पांढरी माशी, हा ढेकूण, पाहुणे पण तेच. आमचे हे म्हणे पंपात कपाशीचं औषध उरलं आहे, मारून देतो. मी म्हटलं बिलकुल नाई. 2017 मध्ये आपल्याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं किती माणसं गेली, आन तेच औषध दाराशी, जिथं लेकरं खेळतात अन् फूल देवाले जाते?

नर्सरीत परत गेली तर काउंटरवरचा पोरगा म्हणे, "काकू, ते हवेनं येते, आमच्या झाडाले काई नसते." आन दोनशे वीसचं टॉनिक हातात देलं. त्याच्या कुंपणापाशी गुडघाभर गाजरगवत होतं, त्यावर हाच ढेकूण पांढराफटक बसलेला. एक स्टार तिथं कटला.

मागं पाण्याच्या टाकीपाशी एक म्हातारे माळीबाबा असतात, खरी नर्सरी म्हणजे ते. म्हणे, "पोरी, याच्या अंगावर मेण असते, वरून पाणी मारून काई होत नाई. जुना ब्रश घे दाताचा, साबणाच्या पाण्यात बुडवून घासून काढ. लयच भरलेले शेंडे कापून पन्नीत बांध, उकिरड्यावर टाकू नको. मग निंबोळी तेल, लिटरले पाच मिली, थोडा साबण टाकून, संध्याकाळी मार, पानाच्या खालून, आठ-आठ दिवसांनी तीनदा. आन मुंग्या थांबव, त्याच त्याले इकून तिकून नेतात." तिसऱ्या फवारणीनंतर खरंच गेला.

आता टॉनिक. पैसे देले होते म्हणून टाकलं, वर कपाशीचा उरलेला युरिया मूठभर, माझीच अक्कल. पानं तळहाताएवढी, काळीभोर हिरवी, फूल एक नाई, दोन महिने! बाबा हसले, म्हणे युरियातल्या नत्रानं झाड पाल्यातच रमते. युरिया बंद केला, शेणखत अन् चिमूटभर पोटॅश देलं, अन् महाशिवरात्रीच्या सुमारास फांद्या तिसरा हिस्सा छाटल्या, कारण जास्वंद नव्या फुटीवर फुलते. टॉनिकच्या बाटलीवर आत काय आहे ते धड लिहिलेलं नाई, म्हणून दुसरा स्टार गेला.

पिवळीचं वेगळंच दुखणं, नवी पानं पिवळी पण शिरा हिरव्या. मी पाणी वाढवत गेली, उलटं बिघडलं. आपली काळी माती चुनखडीची, त्यात लोह असूनही झाडाले भेटत नाई, आन कुंडीत तीच माती भरली तर पाणी पण निचरत नाई, मुळं सडतात. बाबांनी कुंडी बदलून मातीत वाळू अन् शेणखत मिसळाले लावलं, आन फेरस सल्फेट, म्हणजे लोहाचंच खत, लिटरले पाच ग्रॅम, त्यात अर्धं लिंबू पिळून, ऊन उतरल्यावर फवाराले सांगितलं. नवी पानं हिरवी आली.

लाल आता रोज पाच-सहा फुलं देते, केशरी पण लागली, पिवळी अजून रुसलेलीच. गेलात तर काउंटरवर थांबू नका, सरळ मागं जा. बुधवारी जाऊ नका, बाजार असते, बाबा नसतात.