सोलापुरात पाहुण्यांच्या ताटात काय वाढावं: बंदराची सुरमई की परसातला कोंबडा?

रात्री जेवायला सहा माणसं येणार आहेत. मागच्या अंगणात दोन कोंबडे तयार आहेत आणि बाजारात सुरमई आल्याचं कळलंय. आता काय करायचं? आमच्या घरी दोन्ही करून झालंय. माझा कल कुठं आहे ते लपणार नाही, पण सुरमईची बाजू आधी मांडतो, कारण ती लंगडी नाही.

सुरमईचं काम कमी. सव्वा किलोच्या माशाचे, डोकं-शेपूट वगळून, बोटभर जाडीचे नऊ-दहा काप पडतात आणि ते मासेवालाच करून देतो. मीठ, हळद आणि आगळ, म्हणजे कोकमाचा घट्ट रस, लावून अर्धा तास. मग लसूण-मिरचीचं वाटण, वर दोन भाग तांदळाच्या पिठात एक भाग बारीक रवा. मध्यम आचेवर एकेका बाजूनं तीन-चार मिनिटं, की झालं. डोकं कालवणात जातं. पिशवी घरात आल्यापासून तासा-सव्वा तासात ताट वाढता येतं. कोंबड्याला आदल्या संध्याकाळपासून हात घालावा लागतो, त्यामुळं नोकरी सांभाळून मधल्या वारी जेवण द्यायचं असेल तर मासा बरा, हे मान्य.

अडचण तव्यावर कळते. रत्नागिरी घ्या नाहीतर मुंबई, बंदर इथून साडेतीनशे-चारशे किलोमीटर. मासा बर्फात येतो, आणि कधी तो वाटेत गोठवलेला, सुटलेला, परत बर्फात घातलेला असतो. हे विकणाऱ्यालाही सांगता येत नाही. हळू गोठताना मांसातल्या पाण्याचे मोठे खडे होतात, ते तंतू फाडतात, आणि मासा सुटला की ते पाणी मांसात थांबत नाही. तव्यावर काप टाकला की पहिलं मिनिट सगळं छान दिसतं. मग कडेनं पांढरट पाणी झिरपायला लागतं, तेल तडतडतं, रवा फुगून उचलला जातो. उलथनं घातलं की आवरण तव्याला आणि मासा उघडा. पुढचा प्रकार तळणं नसून उकडणंच, आणि खाताना काप भुसभुशीत लागतो.

यावर उपाय आहेत. कापांना मीठ लावून चाळणीत वीस मिनिटं निथळत ठेवा, कोरड्या फडक्यानं दाबून टिपा, मगच आगळ, तेही बेतानं. रवा तव्याशेजारी उभं राहून आयत्या वेळी लावा, तवा चांगला तापू द्या आणि एका वेळी तीनच काप टाका. एवढं केलं तर पुष्कळ फरक पडतो. पण माझ्या अनुभवात निम्म्याहून जास्त वेळा थोडं तरी पाणी सुटतंच, आणि ते पाहुणे पाटावर बसल्यावर सुटतं. बोटानं दाबून खळगा भरून येतो का बघा, कल्ले बघा, वास घ्या, सगळं खरं. काप करून ठेवलेल्या माशात यातलं अर्धंही बघता येत नाही.

उन्हाळ्यात आणखी एक गोष्ट. सुरमई, बांगडा असे मासे वाटेत तापले तर त्यांच्यात हिस्टामिन नावाचं बाधणारं द्रव्य तयार होतं, आणि ते शिजवून जात नाही. जीभ चुणचुणली, तोंड लाल झालं तर तो मसाला तिखट झाल्याचा प्रकार नव्हे. एप्रिल-मेच्या सोलापुरी उन्हात मी तरी ही जोखीम पाहुण्यांवर टाकत नाही. जून-जुलैत पश्चिम किनाऱ्यावर मासेमारी बंद असते, तेव्हा तर समोरचा मासा कधीचा, हा प्रश्नच विचारू नये.

कोंबड्याचं उलट आहे. कष्ट भरपूर, पण त्याचं वय, खाणं, औषध सगळं आपल्याला ठाऊक. पहिल्या आठवड्यात लासोटा, आठव्या आठवड्यात आर-टू-बी, या दोन लसी दिल्या असतील तर मानमोडीची, म्हणजे कोंबड्यांच्या राणीखेत रोगाची, धास्ती कमी. मध्ये प्रतिजैविक दिलं असेल तर डॉक्टर सांगतील तितके दिवस कापायचा नाही. पाच-सहा महिन्यांचा, पावणेदोन किलोचा कोंबडा साफ होऊन सव्वा किलोच्या आतबाहेर भरतो. सहा जणांना एक पुरतो, पण रस्सा सढळ हवा.

आदल्या रात्री दाणे बंद, नुसतं पाणी. मानेखालची दाण्याची पिशवी रिकामी असली की साफ करताना घाण होत नाही. पिसं काढायला पाणी साठ-पासष्ट अंशांचं, म्हणजे बोट बुडवून लगेच काढावं लागेल इतपत, आणि त्यात मिनिटभर. उकळत्या पाण्यात बुडवला तर कातडी शिजते आणि पिसांबरोबर फाटते. उरलेली लव तुराट्यांच्या जाळावर भाजा. गॅसवर भाजून तो वास येत नाही. पित्त फुटू देऊ नका, फुटलंच तर तेवढा कलेजीचा भाग कापून टाका, धुऊन कडूपणा जात नाही.

बहुतेक जण चुकतात ते वेळेत. कापल्यावर अर्ध्या तासात तरी चुलीवर चढवा, नाहीतर रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा. मधल्या दोन-चार तासांत मांस ताठरतं. तेव्हा शिजवलेला कोंबडा चावला जात नाही, आणि दोष बिचाऱ्या गावरान जातीला जातो.

हळद, मीठ, आलं-लसूण चोळून दोन पळ्या तेलात दहा मिनिटं परता. वर ताट ठेवून ताटात पाणी, आणि तेच गरम झालेलं पाणी पातेल्यात. गार पाणी ओतलं की मांस वातड होतं, असा माझा तरी समज आहे. तासाभरात अळणी, म्हणजे बिनतिखटाचा, रस्सा तयार होतो, तो पोरांसाठी वाटीभर काढून ठेवा. मग दोन भाजलेले कांदे, पन्नास ग्रॅम भाजलेलं सुकं खोबरं, चमचाभर तीळ यांचं वाटण आणि दोन चमचे काळं तिखट, तेल सुटेपर्यंत परतून. कुकरला चार शिट्ट्या लागतात, अंडी घालून थकलेल्या कोंबडीला सात. पातेल्यातल्याची चव वेगळी, हे सांगायला नको.

पाहुण्यांची गाडी दीड तास उशिरा आली तरी हा रस्सा बिघडत नाही, उलट मुरतो. तळलेला काप दहा मिनिटांत मऊ पडतो.

घरचा बोकड यात धरलेला नाही. वीस किलोच्या उस्मानाबादीतून नऊएक किलो मटण निघतं, वाटेकरी ठरल्याशिवाय त्याच्या नादी लागू नये.

तरीही कुणाच्या घरी कोंबडं पाळायला जागा नसेल, किंवा माशांची गाडी कधी येते हे ठाऊक असलेला खात्रीचा मासेवाला असेल, तर सुरमई जरूर करा. उजनीचा मरळ जिवंत मिळाला तर मी स्वतः कोंबड्याला त्या दिवशी जीवदान देईन, पण तो समुद्राचा नव्हे.

समुद्राचं म्हणून ताटात काही हवंच असेल, तर आठवडी बाजारातली सुकट सोलापूरच्या हवेला जास्त मानवते. शंभर ग्रॅम कोरड्या तव्यावर कुरकुरीत भाजायची, हातानं चोळून डोकी-पाय पाखडायचे, दोनदा धुऊन घट्ट पिळायची, आणि तीन कांदे व ठेचलेल्या लसणात परतायची. मीठ शेवटी, चाखून, कारण तिच्यात आधीच असतं. कोंबडा शिजेपर्यंत पाहुण्यांपुढं ही आणि कडक भाकरी ठेवा.