फोरजी की फाइव्हजी? टिळकवाडीत एक उत्तर, कणकुंबीत दुसरं

भारतात फाइव्हजी 1 ऑक्टोबर 2022 ला सुरू झालं. पण नवा फोन घेण्याआधी आपण राहतो कुठे ते बघा.

फाइव्हजीचा खरा वेग मिळतो तो 3500 मेगाहर्ट्झ या वारंवारतेच्या (फ्रिक्वेन्सीच्या) आसपास. तिथे पट्टा, म्हणजे लहरींना मिळणारी जागा, रुंद असतो, शिवाय टॉवरवरचे अनेक छोटे अँटेना लहरींचा झोत थेट तुमच्या फोनकडे वळवतात. मात्र या लहरीची लांबी जेमतेम साडेआठ सेंटिमीटर. भिंती, झाडी तिला लवकर अडवतात. फोरजीचा 900 मेगाहर्ट्झचा पट्टा घ्या: लहर सुमारे 33 सेंटिमीटर, वेग कमी, पण पल्ला लांब.

म्हणून बेळगावातल्या टिळकवाडी, शहापूरसारख्या दाट वस्तीत मी फाइव्हजीच सुचवेन. गर्दीतही ते दमत नाही. बेळगाव जिल्ह्यातल्या जांबोटी-कणकुंबीच्या जंगलपट्ट्यात राहणाऱ्यांनी फक्त फाइव्हजीसाठी जास्त पैसे घालू नयेत. तिथे घरात रेंज टिकणं महत्त्वाचं, आणि ते काम फोरजी नीट करतं.

700 मेगाहर्ट्झवरही फाइव्हजी चालतं. ते दूर पोहोचतं, वेग मात्र बेताचाच. घ्यायचाच असेल तर फोनच्या बँडच्या (पट्ट्यांच्या) यादीत एन28 (700 मेगाहर्ट्झचा) आणि एन78 (3500 मेगाहर्ट्झचा) दोन्ही आहेत ना, हे दुकानातच तपासा.