धरमपेठेतलं विजेट वर्कशॉप, पैसे वसूल
रविवारी अँड्रॉइड विजेटचं (होम स्क्रीनवर माहिती दाखवणारी छोटी चौकट) वर्कशॉप केलं, लई कामाचं निघालं भाऊ. माझं तापमानाचं विजेट भर मे महिन्यात दुपारी दोनला पण सकाळचे 31 दाखवत बसायचं अन् बाहेर 44! सरांनी कोड उघडला तर वर्कमॅनेजरचं (मागे आपोआप कामं चालवणारी अँड्रॉइडची लायब्ररी) अपडेटचं काम मी ऑनडिलीटेडमध्ये (कोणतंही एक विजेट काढलं की चालणारं फंक्शन) कॅन्सल केलेलं, म्हणजे होम स्क्रीनवर दोन विजेट असले अन् एक काढलं की दुसरंही गोठलं. ते कॅन्सल करणं ऑनडिसेबल्ड फंक्शनमध्ये पाहिजे, शेवटचं विजेट काढल्यावरच ते चालतं. अपडेटपिरिअडमिलिस, म्हणजे विजेट किती वेळाने अपडेट व्हावं ती सेटिंग, 30 मिनिटांच्या खाली चालत नाही हेही तिथंच कळलं. फक्त ग्लान्स (विजेट बनवायची अँड्रॉइडची लायब्ररी) फार घाईत उरकलं, त्याला अजून एक तास द्यायलाच पाहिजे होता.