ट्रकच्या जीपीएसचा आठ महिन्यांचा अनुभव: स्पीडला पास, ब्रेकला नापास

आमच्या तीन दहा-टायरी गाड्या आहेत, निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरीत उभ्या असतात. चाकणहून माल भरायचा, न्हावा-शेव्याला उतरवायचा, हाच धंदा. हिशेब, भत्ते, टायर, ई-चलन सगळं माझ्याकडे. पार्टीने अट घातली की लाइव्ह लोकेशन दिसलं पाहिजे, म्हणून तिन्ही गाड्यांना ट्रॅकर बसवले. सरकारने ठरवलेल्या एआयएस १४० मानकाचं नव्हे, साधंच. वर्षाच्या सिमसकट गाडीमागे ३,८०० रुपये. कंपनीचं नाव लिहीत नाही, रिन्यूअलची बोलणी अजून चालू आहेत.

लोकेशनबद्दल तक्रार नाही. गाडी उर्से टोलला आहे म्हणून दाखवलं तर ती तिथेच असते. भांडण झालं ते दुसऱ्या पानावरून. रोज रात्री ॲप एक रिपोर्ट पाठवतं: कमाल वेग, ‘हार्श ब्रेकिंग’, ‘हार्श ॲक्सिलरेशन’ आणि ड्रायव्हरला शंभरपैकी मार्क. आमच्या मामांना, म्हणजे तीस वर्षं स्टिअरिंगवर बसलेल्या माणसाला, ४१ मार्क. कमाल वेग ९१, कचकन ब्रेक १४ वेळा. मी शहाणपणा करून भत्त्यातले पाचशे कापले. मामा एवढंच म्हणाले, “ताई, गव्हर्नर ऐंशीचा आहे. एक्याण्णव कुठून आणू? एकदा बसा केबिनमध्ये.” (गव्हर्नर म्हणजे इंजिनच्या जोरावर ठरावीक वेगापुढे जाऊ न देणारं यंत्र.)

तर बसले. सोबत मोबाइल, स्टॉपवॉच आणि पाण्याने पाऊण भरलेला स्टीलचा पेला.

किवळ्याहून एक्सप्रेसवेला लागल्यावर मामांनी काटा साठावर धरला. किलोमीटरच्या एका दगडापासून दुसऱ्यापर्यंत ६० सेकंद लागायला हवेत. लागले ६३. म्हणजे खरा वेग ५७, आणि मोबाइलचा जीपीएसही ५७ च म्हणत होता. ट्रॅकरवर ५७. इथे डिव्हाइसला पूर्ण मार्क. खोटं बोलत होता तो गाडीचा मीटर, आणि तेही कायद्यात बसणारं खोटं. मीटरने जास्त दाखवलेलं चालतं, कमी दाखवलेलं चालत नाही. शिवाय गाडीचा मीटर चाकाचे फेरे मोजतो. आमचे मागचे टायर पार घासलेले. टायर बारा मिलिमीटर झिजला की घेर दोन टक्क्यांहून जास्त घटतो, तेवढ्याच वेगाला फेरे जास्त होतात आणि काटा वर चढतो. पुढच्या महिन्यात टायर बदलल्यावर परत मोजलं, ६२ सेकंद.

मग ते ९१? तो आकडा भाताण बोगद्याच्या तोंडावरचा होता, रिपोर्टमध्ये वेळ आणि जागा दोन्ही होती. बोगद्यात सॅटेलाइट दिसत नाही. बाहेर पडल्यावर पहिले काही सेकंद जागा नीट पकडली जात नाही, ठिपका इकडे-तिकडे उडतो. चांगली चिप सॅटेलाइटच्या लहरीत गाडीच्या चालण्याने जो बारीक फरक पडतो त्यावरून थेट वेग काढते. हे डिव्हाइस त्या घडीला दोन ठिपक्यांमधलं अंतर भागिले वेळ करत असावं. सेकंदाला पाच मीटर ठिपका चुकला की १८ किलोमीटर फुकट वाढले. त्या दिवशी गाडी ७३ ने होती. ७३ आणि १८, करा बेरीज. आता हेही खरं की घाट उतरताना गाडी ऐंशीच्या वर जाऊ शकते, कारण गव्हर्नर डिझेल तोडतो, ब्रेक लावत नाही. पण भाताणला कुठला घाट?

ब्रेकचं प्रकरण त्याहून मजेशीर. बोरघाट मामांनी गिअरवर आणि एक्झॉस्ट ब्रेकवर (इंजिनचा धूर अडवून गाडी सावकाश करणारा) उतरवला. डॅशबोर्डवरच्या पेल्यातलं पाणी काठाशी तिरकं झालं, थेंबही सांडला नाही. ॲपमध्ये तेवढ्यात चार हार्श ब्रेकिंग! पुढे पळस्पे फाट्यानंतर खड्डे आणि स्पीडब्रेकर लागले, तिथे पाणी वर उडालं, माझ्या पदरावर सांडलं आणि ॲपने त्याचेही ब्रेक मोजले.

घरी येऊन डॅशबोर्डचं झाकण उघडलं. डिव्हाइस डबल टेपने चिकटवलेलं, एक कोपरा सुटलेला, बोट लावलं तर हलतंय. आत जो वेग कमी-जास्त झाल्याचा सेन्सर असतो त्याला गाडीचा झटका आणि पृथ्वीची ओढ यातला फरक स्वतःहून कळत नाही. म्हणून बसवताना सपाट जमिनीवर गाडी उभी करून त्याला शून्य शिकवावं लागतं. आमच्या फिटरने ते यार्डाच्या चढावर, तोंड वर करून उभ्या गाडीत सात मिनिटांत उरकलं. शंभराला पाच असा चढ धरा, तर सपाट रस्त्यावरही सेन्सरला ०.०५ जी (एक जी म्हणजे पृथ्वीच्या ओढीएवढा जोर) ब्रेक लागलेला वाटणार. घाटात तेवढाच उतार आला की आणखी ०.०५. मामांनी ०.२ जीचा हलका ब्रेक मारला तरी रिपोर्टात ०.३, आणि अलार्मची रेषा ०.२८ वर, म्हणजे सेकंदाला दहा किलोमीटरने वेग उतरणे. बसली चपराक.

कस्टमर केअरवाल्याला हे सांगितलं तर म्हणे, “मॅडम, ड्रायव्हर लोक असंच सांगतात.” तिसऱ्या फोननंतर दुसरा पोरगा आला, मात्र कामाचा. त्याने स्क्रूने लोखंडी पट्टीवर डिव्हाइस बसवलं, पेट्रोल पंपाच्या सपाट फरशीवर शून्य करून घेतलं. त्यानंतर मामांच्या त्याच फेरीत १४ चे ३ झाले. त्यातला एक खरा, लोणावळ्याजवळ एक कार आडवी आली होती.

सर्व्हरकडे दर दहा सेकंदांनी एकच नोंद जाते, तेव्हा तिथला वेगाचा आलेख पाहून ब्रेकचा निवाडा करायला जाऊ नका. ५० वरून २० ला तीन सेकंदांत आली की दहात, आलेखात सारखंच दिसतं.

लोकेशन, किलोमीटर आणि सरळ रस्त्यावरचा वेग यासाठी घ्या. पाचपैकी तीन तारे, त्यातला अर्धा त्या दुसऱ्या पोराचा. मार्कांचं पान मी सेटिंगमधून बंद केलंय. मामांचे पाचशे परत दिले, वर पेला त्यांनी ठेवून घेतला.