फोनने अडवलं होतं, फोनवरच्या माणसाने पुढे नेलं

पेरणीच्या तोंडावर आमच्या मोठ्या बाबांच्या खात्यातून कापसाच्या चुकाऱ्याचे पैसे गेले. यवतमाळ जिल्ह्यातल्या गावागावांत व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर अशी फसवणूक करणाऱ्या फायली अजून फिरत आहेत, म्हणून सगळं लिहितो.

ओळखीच्याच नंबरवरून 'पीएम किसान' नावाची एपीके फाईल, म्हणजे उघडली की फोनमध्ये अ‍ॅप टाकणारी फाईल, आली. त्या बिचाऱ्याचा फोन आधीच चोरांच्या ताब्यात होता. पाठोपाठ कॉल आला, चांगल्या मराठीत: "काका, केवायसी राहिली, हप्ता अडकेल." वर्षाचे ६००० रुपये, त्यातला २०००चा हप्ता ऐन बियाण्याच्या वेळी कोण सोडेल?

फोन गप्प नव्हता. २०१७च्या आठव्या अँड्रॉइडपासून प्ले स्टोअरबाहेरचं अ‍ॅप टाकायचं तर ज्या अ‍ॅपमधून फाईल उघडतो त्याला वेगळी परवानगी द्यावी लागते. तिथे तो थांबला. २०२२च्या तेराव्या आवृत्तीपासून असं अ‍ॅप अ‍ॅक्सेसिबिलिटी (स्क्रीन वाचायची, बटणं दाबायची परवानगी) मागू लागलं तर ती सेटिंग बंदच दिसते. तिथेही थांबला. पण कॉलवरच्या माणसाला वाट माहीत होती. अ‍ॅपची माहिती उघडा, वरचे तीन ठिपके दाबा, परवानगी द्या. मोठे बाबा दाबत गेले. मग मेसेज वाचायची परवानगी. तेवढ्यावर ओटीपी परस्पर चोराकडे जाऊ लागले, आणि अ‍ॅक्सेसिबिलिटीमुळे स्क्रीन वाचणं, बटणं दाबणंही त्याच्या हातात गेलं.

ही वाट कायमची बुजवून टाका, असं रागाने वाटतं. पण अंध माणूस स्क्रीन वाचून घेतो तो याच अ‍ॅक्सेसिबिलिटीवर, आणि प्ले स्टोअरवर नसलेली चांगली अ‍ॅपही असतात. कुलूप मालकाला उघडता आलंच पाहिजे.

मोठ्या बाबांना अडाणी म्हणणारे गावात भेटले. मला ते अजिबात पटत नाही. "रोजच अलाऊ दाबा लागते, त्यातलं खोटं कोणतं मले कसं समजावं?" हा त्यांचा प्रश्न रास्त आहे. टॉर्चचं अ‍ॅपसुद्धा कॉन्टॅक्ट मागतं. वर सगळे इशारे इंग्रजीत, कारण दुकानदाराने फोन तसाच चालू करून दिला. आज घरातल्या म्हाताऱ्यांच्या फोनची भाषा मराठी करा. व्हॉट्सअ‍ॅपमधलं मीडिया ऑटो डाउनलोड बंद करा. आणि त्यांना एवढंच सांगा: कॉलवर कोणी सेटिंग बदलायला लावली की कॉल कापायचा, मग तो बँकेचा म्हणो की कृषी विभागाचा.

पैसे गेलेच, तर आधी इंटरनेट बंद करा आणि दुसऱ्या फोनवरून १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा. चोराने रक्कम काढून घेण्याआधी कळवलं तर ती पुढच्या खात्यात रोखता येते. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७च्या परिपत्रकानुसार ग्राहकाच्या हलगर्जीमुळे पैसे गेले तरी बँकेला कळवल्यानंतरचं नुकसान बँकेचं असतं. म्हणून तक्रारीच्या पोचेवर तारखेसोबत वेळही लिहून घ्या. आमच्या पोचेवर वेळ नाही आणि बँक आता त्याच मुद्द्यावर अडून बसली आहे.