तीन ओळी की चार? फाइल मोजणारी साधनं शेजारी शेजारी

फाइलमध्ये किती ओळी आणि किती शब्द आहेत हे टर्मिनलवर, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, बघायचं तर हाताशी डब्ल्यूसी (ओळी-शब्द मोजणारं), ग्रेप (दिलेल्या पॅटर्नशी, म्हणजे नमुन्याशी जुळणाऱ्या ओळी शोधणारं) आणि ऑक (ओळींचे स्तंभ पाडून काम करणारं) असतात, विंडोजवर पॉवरशेल. सगळी साधनं फुकट आहेत आणि एका आज्ञेत काम उरकतात. तरी एकाच फाइलवर त्यांची उत्तरं वेगळी येतात, म्हणून कोणतं साधन 'ओळ' कशाला म्हणतं हे आधी कळलेलं बरं. (आज्ञा आणि पर्याय इथे देवनागरीत लिहिले आहेत, टाइप करताना अर्थातच रोमन अक्षरं.)

चाचणीसाठी एक छोटी यूटीएफ-८ फाइल घेऊ (यूटीएफ-८ ही अक्षरं बाइटमध्ये साठवायची एक पद्धत, म्हणजे एन्कोडिंग). पहिली ओळ 'नमस्कार मंडळी', दुसरी रिकामी, तिसरी 'आज - उद्या', चौथी 'संपलं'. चौथ्या ओळीनंतर एंटर दिलेला नाही.

| साधन | ओळी | शब्द | कॅरेक्टर |
|---|---|---|---|
| डब्ल्यूसी | ३ | ६ | ३१ |
| ग्रेप -सी, रिकाम्या पॅटर्नसह | ४ | – | – |
| ऑक | ४ | ६ | – |
| पॉवरशेल ७, मेजर-ऑब्जेक्ट | ३ | ६ | २८ |

डब्ल्यूसी आणि पॉवरशेल दोघंही ३ म्हणतात, पण त्यांचं ३ एक नाही. डब्ल्यूसी ओळी मोजतच नाही, तो ओळ संपवणारी न्यूलाइन चिन्हं मोजतो. शेवटच्या ओळीला ते चिन्ह नाही, म्हणून ती गेली. पॉवरशेलच्या मेजर-ऑब्जेक्ट या मोजणाऱ्या आज्ञेने शेवटची ओळ धरली, पण मधली रिकामी ओळ सोडून दिली. आकडे जुळले म्हणून निर्धास्त झालात तर पुढच्याच फाइलवर फसाल. पॉवरशेलमध्ये रिकाम्या ओळीही हव्या असतील तर फाइल वाचणाऱ्या गेट-कंटेंटचा निकाल कंसात घेऊन त्याचं काउंट बघा. ते ४ येतं.

डब्ल्यूसीचं वागणं अनेकांना बग वाटतं. मला ते या साधनाचं बलस्थान वाटतं. युनिक्सच्या जगात ओळीची व्याख्याच 'न्यूलाइनने संपणारी' अशी आहे, आणि १९७१ च्या पहिल्या युनिक्स आवृत्तीपासून असलेला हा प्रोग्रॅम तिला धरून चालतो. याचा फायदा फाइल्स जोडताना दिसतो. शेवटची न्यूलाइन नसलेल्या बारा फाइल्स कॅट ही जोडणारी आज्ञा वापरून एकत्र केल्या, तर प्रत्येक फाइलची शेवटची ओळ पुढच्या फाइलच्या पहिल्या ओळीला चिकटते. डेटा तिथेच बिघडतो. बारा फाइल्सना डब्ल्यूसीने दिलेल्या आकड्यांची बेरीज जोडलेल्या फाइलच्या आकड्याशी अशा वेळीही तंतोतंत जुळते. ऑकने आधी सुट्या फाइल्स आणि मग जोडलेली फाइल मोजली, तर अकरा ओळी कमी भरतात. म्हणून बाहेरून आलेल्या फाइलवर मी दोन्ही चालवतो. ऑक किंवा ग्रेपचा आकडा डब्ल्यूसीपेक्षा एकने जास्त आला, की शेवटची न्यूलाइन गायब आहे हे लगेच कळतं.

ग्रेप निवडायचं ते अट घालून मोजायचं असेल तेव्हा. पॅटर्नच्या जागी नुसतं टिंब (म्हणजे कोणतंही एक चिन्ह) दिलं, तर रिकाम्या ओळी वगळल्या जातात आणि आपल्या फाइलवर उत्तर ३ येतं, म्हणजे तिसऱ्या कारणाने आलेलं तिसरं ३. एक लक्षात ठेवा: '-सी' जुळलेल्या ओळी मोजतो. एका ओळीत शब्द चारदा आला तरी तो १ धरतो. शब्द एकूण किती वेळा आला हे हवं असेल तर '-ओ' देऊन प्रत्येक जुळणी वेगळ्या ओळीवर काढा आणि ती डब्ल्यूसीकडे पाठवा.

ऑक शिकायला थोडा वेळ लागतो. पण 'फक्त तिसऱ्या स्तंभातले शब्द मोज' असं सांगायचं असेल तर पर्याय तोच. सीएसव्हीच्या (स्वल्पविरामांनी स्तंभ वेगळे केलेल्या फाइलच्या) बाबतीत मात्र यातलं कोणतंच साधन वापरू नका. अवतरणचिन्हांच्या आतही न्यूलाइन असू शकते, म्हणजे एक नोंद तीन ओळींवर पसरलेली असते, आणि वर मथळ्याची ओळही मोजली जाते. तिथे सीएसव्ही समजणारी लायब्ररीच हवी.

आता देवनागरी मजकुराकडे, कारण खरा गोंधळ इथे होतो. पर्याय न देता डब्ल्यूसी चालवला तर तो ओळी, शब्द आणि बाइट असे तीन आकडे देतो. आपल्या फाइलवर ३, ६, ७९. शेवटचा आकडा अक्षरांचा समजू नका. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. कॅरेक्टरसाठी '-एम' द्यावा लागतो, मग ३१ मिळतात. पॉवरशेलला २८ मिळाले, कारण गेट-कंटेंट ओळी सुट्या करताना तिन्ही न्यूलाइन काढून टाकतो. विंडोजसोबत येणारं जुनं पॉवरशेल ५.१ बीओएम (फाइलच्या सुरुवातीची एन्कोडिंगची खूण) नसलेली यूटीएफ-८ फाइल भलत्याच एन्कोडिंगने वाचतं. तिथे एन्कोडिंग स्पष्ट सांगितल्याशिवाय कॅरेक्टरच्या आकड्यावर विसंबू नका.

पण ३१ ही तरी अक्षरं आहेत का? 'नमस्कार' आपण चार अक्षरांचा शब्द म्हणतो. '-एम' त्याला ७ म्हणतो, कारण हलन्त आणि काना वेगळे मोजले जातात. त्यावर कडी म्हणजे 'ॲ' एका कळीने लिहिला तर १ कॅरेक्टर, आणि 'अ'वर चंद्र देऊन लिहिला तर २. दिसायला दोन्ही सारखे. त्यामुळे मराठी मजकुराला कॅरेक्टरची मर्यादा घालायची असेल तर हे आकडे माणसाच्या मोजणीशी जुळणार नाहीत हे धरूनच चला. जोडाक्षर एकसंध धरायचा नियम युनिकोडने २०२३ च्या १५.१ आवृत्तीत आणला. तो पाळणारी लायब्ररी वापरली तर 'नमस्कार' ४ भरतो.

'-एम' लोकेलवरही, म्हणजे भाषा आणि एन्कोडिंगच्या सेटिंगवरही, अवलंबून असतो. ठरल्या वेळी आज्ञा चालवणाऱ्या क्रॉनमधून किंवा कंटेनरमध्ये (प्रोग्रॅम चालवायच्या वेगळ्या कप्प्यात) स्क्रिप्ट चालते तेव्हा लोकेल बऱ्याचदा नुसतं 'सी' असतं. तिथे '-एम'सुद्धा ७९ सांगतो, आणि शब्दांचा आकडाही भरवशाचा राहत नाही. डब्ल्यूसीचा '-एम' आणि बाइट मोजणारा त्याचाच '-सी' यांचं उत्तर देवनागरी फाइलवर एकच आलं, तर आधी लोकेल तपासा.

शब्दांबद्दल साधनांचं बऱ्यापैकी एकमत आहे: दोन मोकळ्या जागांच्या मधलं जे काही असेल तो शब्द. म्हणून आपल्या फाइलमधली एकटी रेघही शब्द ठरली आणि ५ चे ६ झाले. संवाद किंवा याद्या असलेल्या मजकुरात हा फरक चांगलाच वाढतो.

वर्ड किंवा लिबरऑफिसमध्ये लिहिलेल्या दस्तऐवजावर थेट डब्ल्यूसी चालवू नका. डॉकएक्स ही मुळात झिप फाइल असते, आकडा निरर्थक येतो. आधी पॅनडॉक या रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅमने साधा मजकूर काढा. आणि शब्दमर्यादा घालणारा जर वर्डमध्ये मोजणार असेल, तर तुम्हीही वर्डमध्येच मोजा. तळटीपा धरायच्या की नाही हेही तिथे ठरवता येतं. वर्डमधल्या ओळी मात्र पानाच्या रुंदीप्रमाणे बदलतात, त्यांची इथल्या ओळींशी तुलना करू नका.

प्रोग्रॅमचा कोड मोजायचा असेल तर क्लॉक हे कोड मोजणारं साधन घ्या. तो भाषेनुसार कोड, टिप्पण्या आणि रिकाम्या ओळी वेगळ्या दाखवतो. डब्ल्यूसी एक्सआर्ग्जबरोबर (फाइल्सची यादी दुसऱ्या आज्ञेला पुरवणाऱ्या आज्ञेबरोबर) वापरलात, तर फाइल्सची यादी लांबली की ती तुकड्यांनी दिली जाते आणि 'एकूण'ची ओळ अनेकदा छापली जाते. शेवटची एकूणच तेवढी उचलली तर आकडा अर्धवट निघतो.

रोजच्या वापरासाठी मी डब्ल्यूसीच घेईन, आणि विंडोजवरही गिट बॅश किंवा डब्ल्यूएसएल (विंडोजवर युनिक्सच्या आज्ञा चालवू देणारी साधनं) यांमधून तोच. स्क्रिप्टमध्ये लिहिताना फाइलचं नाव न देता '<' ने फाइल आत सोडा, म्हणजे नुसता आकडा मिळतो. मॅकवर त्या आकड्याच्या आधी मोकळ्या जागा येतात, तेव्हा त्याची तुलना मजकूर म्हणून न करता संख्या म्हणून करा.