आधी वजन की आधी मन?

गोव्यात डिचोलीला राहणाऱ्या माझ्या ताईला नैराश्यही होतं आणि लठ्ठपणाही. तिला सांगितलं गेलं, "वजन उतरवा, मन आपोआप थाऱ्यावर येईल." चालायचे बूट आणले. तीन महिने ते दाराशी तसेच पडून, नाडीची गाठसुद्धा दुकानातलीच. जिला अंथरुणातून उठणंच डोंगराएवढं वाटतं, ती पहाटे चालायला कशी जाणार?

दुसरी वाट, आधी मन. 2010 च्या एका मोठ्या विश्लेषणात लठ्ठ माणसांत पुढे नैराश्याचा धोका 55 टक्के जास्त दिसला, नैराश्य असलेल्यांत लठ्ठपणाचा 58 टक्के. म्हणजे गाठ दोन्हीकडून आवळते. तरी सुरुवात मनापासूनच करावी, असं माझं ठाम मत आहे. गोव्यातल्याच प्राथमिक आरोग्य केंद्रांत 'संगाथ' या मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्या संस्थेने प्रशिक्षित सामान्य माणसांकडून सहा-आठ भेटींचं समुपदेशन देऊन पाहिलं. रोज एखादं झेपेल, आवडेल असं काम ठरवून करायचं, हा त्याचा गाभा. 2017 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने छापलेले निकाल आशादायक होते.

नैराश्यावरच्या गोळ्यांचं मात्र डॉक्टरांना विचारून घ्या: मिर्टाझापिनने भूक आणि वजन वाढू शकतं, ब्युप्रोपिऑनने सहसा नाही. स्वतःच्या मनाने गोळी बंद करू नका.

ताईचे उपचार बांबोळीला सुरू झाले. दीडेक महिन्याने तिने स्वतःहून बुटांची ती गाठ सोडली.